पोकर चिप्सवरची लेबलं

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या जुन्या पोकर चिप्सवरची लेबलं काढायची आहेत. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल ना? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको! त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं. चिप एबीएस प्लॅस्टिकची असेल, तर ते गोंदासोबत तीही विरघळवतं. आधी लेबल नीट पाहा. जुन्या ‘क्ले’ चिप्समध्ये मधलं छापील वर्तुळ साच्यातच दाबून बसवलेलं असतं. ते मूळचंच, त्याला हात लावू नका. वरून चिकटवलेला कागद मात्र निघतो. लायटरचा नॅफ्था कापसाच्या काडीने कडेला लावा, मिनिटभराने नखाने हळूच सोला. घासू नका, नक्षी झिजते. पहिला प्रयोग सर्वांत साध्या चिपवर करा. नॅफ्था झटकन पेटतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद असू द्या.