दुखणं अंगावर काढू नकोस

अगं बयो, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच ओळखलं, सिझरचे टाके ठणकतायत आणि तू कुणाला सांगत नाहीयेस. ‘बाईच्या जातीला एवढं चालायचंच’ असं घरात म्हणत असतील. म्हणू देत. तू मात्र सोसत बसू नकोस.

सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. कातडी, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, आतला पातळ पडदा आणि गर्भाशय, इतके थर उघडतात. स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. तुझी आडवी चीर जर्मनीच्या फानेनस्टील यांनी १९०० साली मांडलेल्या पद्धतीची. पुढे जोएल-कोहेन यांची सरळ, जराशी वरची चीर आली. तीत कात्रीपेक्षा बोटांचं काम जास्त, आणि दुखणंही कमी राहतं असं अभ्यासांत दिसलंय. पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे जरूर विचार.

चीर कुठलीही असो, सुरुवातीचे दिवस गोळी घड्याळ बघून घ्यायची. कळ उठेपर्यंत थांबलीस तर ती आवरायला वेळ लागतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजतानाही चालतात. दमा, किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर आधी डॉक्टरांना सांग. भाऊजींची एमआयडीसीतली शिफ्ट बदलती, म्हणून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला चिकटव. जो घरात असेल तो देईल.

उठताना सरळ उठू नकोस. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग कोपरावर जोर दे. खोकला आला की उशी टाक्यांवर दाबून धर. घरातल्या घरात हळूहळू चालत राहा, त्यानं पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो.

ताप आला, टाक्यांतून पू आला, पोटरी सुजून दुखली किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर सकाळची वाट बघू नकोस. १०८ ला फोन कर. पैशांचा विचारही नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे.

आणि दोन-तीन महिन्यांनीही टाक्यांच्या जागी दुखत राहिलं, तर तेही दाखवायचं. सध्या धाटावहून रोह्याच्या दवाखान्यात जायला किती वेळ लागतो? आजच जाऊन डॉक्टरांना सांग, ‘मला दुखतंय.’