फ्लॅशवर लिहिण्याआधी

१. राउटरच्या डब्यावर वेग छापलेला असतो, फ्लॅश आणि रॅम किती ते नसतं. राउटरवर स्वतःचा लिनक्स कर्नल चढवायचा तर आपल्याला नेमकं तेच हवं असतं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्समध्ये १९.०७ आवृत्तीनंतर जागा उरली नाही. तळाच्या स्टिकरवरचा आवृत्ती क्रमांकही वाचावा. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती २००५ साली आली ती लिनक्स सोडून, निम्म्या फ्लॅशसह. नाव मात्र तेच राहिलं.

२. सिरीयल कन्सोलशिवाय कर्नलला हात लावू नये. बोर्डावर चार पिना शोधायच्या: ग्राउंड, टीएक्स, आरएक्स आणि व्हीसीसी. व्हीसीसी मोकळीच ठेवायची, टीएक्स समोरच्या आरएक्सला जोडायची. पातळी बहुतेक वेळा ३.३ व्होल्ट असते, ५ व्होल्टची केबल चिपचा जीव घेऊ शकते.

३. मूळ फ्लॅशची पूर्ण प्रत आधी लॅपटॉपवर घ्या. फर्मवेअर पुन्हा मिळतं. वायफायच्या रेडिओचं कॅलिब्रेशन मिळत नाही. ते कारखान्यात त्या एकाच नगासाठी मोजून लिहिलेलं असतं. ॲथेरॉसच्या बऱ्याच राउटरांत त्या विभागाचं नाव 'एआरटी', मीडियाटेकमध्ये 'फॅक्टरी'. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमधून उचलून आणलेलं इथे नीट बसत नाही.

४. आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. नवा कर्नल पहिल्यांदा रॅममधूनच चालवावा. यू-बूट हा बूटलोडर सुरू होताना कळ दाबून त्याला थांबवायचं, लॅपटॉपवरच्या टीएफटीपी सर्व्हरवरून इनिटरॅमएफएसची प्रतिमा रॅममध्ये ओढायची आणि 'बूटएम' म्हणायचं. फ्लॅशवर एक बाइटही लिहिला जात नाही. वीज काढली की जुनं फर्मवेअर जसंच्या तसं उभं राहतं. या सुरक्षित अवस्थेत सगळे लॅन पोर्ट, दोन्ही वायफाय, दिवे, रिसेटचं बटण तपासून घ्यावं. घाई करणाऱ्यांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो. प्रतिमा ओढली जात नसेल तर आधी लॅपटॉपची फायरवॉल पाहा. काही कंपन्या यू-बूटला कुलूप घालतात. तसा राउटर शिकायला घेऊ नये.

५. 'स्टार्टिंग कर्नल' या ओळीनंतर पडदा गप्प झाला म्हणजे कर्नल मेलाच असं नाही. कन्सोलचं पोर्ट किंवा वेग चुकला असेल, लोड ॲड्रेस चुकला असेल, डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात, मेमरीचा पत्ता चुकला असेल. याउलट, रूट फाइलसिस्टिम सापडली नाही म्हणून झालेलं पॅनिक मला आवडतं. प्रोसेसर, मेमरी, कन्सोल सगळं जागेवर असल्याचा तो पुरावा.

६. लिहिताना राउटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर. बूटलोडरचा विभाग सोडून द्या.

७. कंपनीकडे सोर्स कोड मागा. तो आपला हक्क आहे: लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि बायनरी वाटणाऱ्याला सोर्स द्यावाच लागतो. २००३ साली लिंकसिसला डब्ल्यूआरटी५४जीचा कोड खुला करावा लागला, त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. हाती येणारा कोड अनेकदा जुनाट कर्नलचा असतो, जसाच्या तसा बांधलाही जात नाही. तरी तो चाळावा. कोणता दिवा कोणत्या जीपीआयओवर, स्विचचा कोणता पोर्ट कुठे, फ्लॅशचे विभाग कुठून कुठवर हे सगळं त्यात असतं, आणि पाचव्या मुद्द्यातली डिव्हाइस ट्री त्यावरूनच लिहिता येते.