आधी काउंटर, मग कॉट

चिरनेरचा तालुका उरण, पण मोठं दुखणं पनवेलच्या वाटेनं जातं. गाडी सरकारी दवाखान्याकडे वळली की स्वस्त आणि खासगीकडे वळली की महाग, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. सरकारी पैसा खासगी रुग्णालयातही पोचतो, खासगी कंपन्या सरकारी सेवाही चालवतात. बिल पुष्कळदा ठरतं ते दारात कोणता कागद कधी दाखवला यावर.

समजा, लावणीच्या दिवसांत खाचरात पायाला फुरसं चावलं. १०८ लावा. २०१४ पासून धावणारी ही रुग्णवाहिका सरकारी योजनेची, चालवते मात्र खासगी कंपनी, भाडं शून्य. पाय करकचून बांधू नका, जखम कापू नका, माणसाला चालवू नका. विषावरच्या लसीच्या सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. सरकारी रुग्णालयात त्या मोफत. खासगीत प्रत्येक कुपीचे पैसे, वर आयसीयूचं भाडं. म्हणून पहिला थांबा उरणचं ग्रामीण किंवा पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे नाहीत. हीच सवलत धरून मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मात्र जाऊ नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. आणि मोफत उपचारातही बुडालेली रोजंदारी, सोबतच्या माणसाचं खाणं आणि रिक्षा हा खर्च उरतोच.

‘पुढे न्या’ असं डॉक्टर म्हणाले की खरी परीक्षा. इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आठवा. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. रुग्णालय खासगी, पैसे शासनाचे, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. त्यात तपासण्या, औषधं आणि रुग्णाचं जेवण येतं.

पण ओपीडी त्यात नाही. रुग्णालय योजनेच्या यादीत हवं, आजारही यादीत हवा, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी योजनेचा माणूस, म्हणजे ‘आरोग्यमित्र’, कुठे बसतो ते विचारा. ऑपरेशन आधी उरकून मंजुरी नंतर मागायला गेलात तर हात हलवत परत याल. तातडीच्या वेळी रुग्णालयानं फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, ती आपल्या तोंडानं सांगा. ‘योजनेत बसत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा, किंवा तिथूनच १५५३८८ लावा. लेखी मागितलं की उत्तर कधी कधी बदलतं, हा माझा अनुभव.

योजना लागू नसेल तर पाटी वाचा. ‘धर्मादाय’ असा शब्द दिसला तर त्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला दुखणं आल्यावर काढायचा नसतो. तो घरात असावा. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, कॅशियरशी हुज्जत घालू नका.

एका छपराखाली दोन दर कसे असतात ते खारघरला पाहा. टाटा स्मारकाचं तिथलं केंद्र सरकारी, तरी नोंदणीच्या वेळी ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ ते ठरवावं लागतं. ‘प्रायव्हेट’ म्हटलं की तपासणीपासून खोलीपर्यंत दर वेगळे.

निव्वळ खासगीतच जायचं ठरलं, तर २०२१ च्या नियमांनी नर्सिंग होमला दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. ते पाहा, अंदाजपत्रक कागदावर घ्या आणि शेवटी तपशीलवार बिल मागा. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती नसते.

आता घरी गेल्यावर रेशनकार्ड उघडा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव त्यावर चढलंय का? नसेल तर बाळंतपण अवघड झालं की रात्री दोन वाजता काउंटरवर तेच नाव शोधलं जाईल, आणि तहसील कचेरी सकाळी उघडते.