चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे! सारख्या दिसणाऱ्या प्राण्यांमधला फरक कसा शिकवायचा?



वर्गात एक साधा प्रश्न विचारून बघा. "रात्री घरात भिंतीच्या कडेकडेने पळणारा, टोकदार तोंडाचा, वास येणारा प्राणी कोणता?" निम्मी मुलं म्हणतील उंदीर, काही म्हणतील चिचुंद्री, आणि दोन-चार मुलं म्हणतील, "सर, दोन्ही एकच!" घरातली मोठी माणसंही असंच समजतात. म्हणून चिचुंद्री दिसली की काठी उचलली जाते किंवा कोपऱ्यात विषाची गोळी पडते. आज आपण हा फरक नीट समजून घेऊ, कारण इथे चूक झाली तर नुकसान आपलंच होतं.

१) चिचुंद्री आणि उंदीर

उंदीर कुरतडणारा प्राणी आहे. त्याला समोर वर दोन आणि खाली दोन असे छिन्नीसारखे दात असतात. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत काहीतरी कुरतडतो : धान्याचं पोतं, दाराची चौकट, वायर, साबण.

चिचुंद्रीचे दात तसे नसतात. ते बारीक आणि टोकदार असतात, किडे पकडून फोडण्यासाठी. झुरळं, रातकिडे, नाकतोडे, गांडुळं हे तिचं मुख्य खाणं. उघडं ठेवलेलं अन्न ती तोंडात घालते हे खरं, पण पोतं फाडून ज्वारी-मका फस्त करणं हे तिचं काम नाही. घरातली झुरळं मात्र ती फुकट कमी करते.

आता ओळखायचं कसं? मुलांना ही पाच लक्षणं सांगा :

- तोंड : चिचुंद्रीचं नाक लांब, निमुळतं, खालच्या ओठाच्या पुढे आलेलं आणि सतत हलणारं. उंदराचं तोंड त्यामानाने आखूड.
- डोळे : चिचुंद्रीचे डोळे मोहरीएवढे, केसांत हरवलेले. उंदराचे डोळे ठळक, बाहेर आलेले.
- शेपटी : चिचुंद्रीची शेपटी बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती आणि तिच्यावर विरळ लांब केस. उंदराची शेपटी बारीक, खवल्यांची.
- पुढचे पाय : चिचुंद्रीच्या पुढच्या पंजाला पाच बोटं स्पष्ट दिसतात, उंदराच्या पुढच्या पंजाला चारच.
- वास : चिचुंद्रीच्या कुशीला गंधग्रंथी असतात, त्यामुळे तो उग्र वास येतो. बरीच मांजरं तिला मारतात पण खात नाहीत, ते याच वासामुळे.

आणखी एक गंमत मुलांना फार आवडते. चिचुंद्रीची पिल्लं आईच्या मागे रांगेने चालतात. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरतं, दुसरं पहिल्याला धरतं, तिसरं दुसऱ्याला. अगदी आगगाडीच्या डब्यांसारखं!

शास्त्रात घरातल्या चिचुंद्रीचं नाव सन्कस म्युरिनस. यातल्या 'म्युरिनस' शब्दाचा अर्थच 'उंदरासारखा'. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनाही ती उंदरासारखीच दिसली होती! पण नातं मात्र उंदराशी नाही. वर्गीकरणात ती साळिंदरा-उंदरांच्या गटात न बसता छछुंदर आणि कीटकभक्षी काटेरी जाहक यांच्या जवळ बसते.

२) झाडचिचुंद्री आणि खार

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा, पश्चिमेला गुजरातची जंगलं. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातल्या मुलांना जंगल नवं नाही. म्हणून पुढचा प्रश्न त्यांच्यासाठी.

झाडचिचुंद्री हा खारीसारखा दिसणारा, दिवसा फिरणारा, झुपकेदार शेपटीचा प्राणी भारताच्या द्वीपकल्पात गंगेच्या दक्षिणेला आढळतो. सातपुड्याच्या आणि आपल्या शेजारच्या डांगच्या जंगलांतूनही त्याच्या नोंदी आहेत. पण पाहणारा 'खार' म्हणून पुढे निघून जातो!

फरक असा : आपल्या गावातल्या खारीच्या पाठीवर तीन किंवा पाच पट्टे असतात, झाडचिचुंद्रीच्या पाठीवर पट्टे नसतात. तिच्या खांद्यावर एक फिकट रेघ असते. तोंड खारीपेक्षा लांब आणि टोकदार, आणि खारीसारख्या लांब मिशा नसतात. नाव झाडचिचुंद्री असलं तरी ती बराच वेळ जमिनीवर पाचोळ्यात किडे शोधते. आणि ती खारही नाही, चिचुंद्रीही नाही. तिचा गट स्वतंत्र आहे.

तिच्या शास्त्रीय नावात अनाथाना हा शब्द आहे. तो तमिळ लोकांच्या बोलीतल्या नावावरून घेतला, ज्याचा अर्थ 'बांबूतली खार' असा होतो. बघा, रानात राहणाऱ्या माणसांचा शब्द थेट जगाच्या शास्त्रात जाऊन बसला.

३) हत्ती-चिचुंद्री : नाव चिचुंद्रीचं, नातं हत्तीचं!

आता थोडं आफ्रिकेत जाऊ. तिथे सोंडेसारखं लवचीक नाक असलेला एक छोटा प्राणी राहतो. युरोपातल्या लोकांनी त्याला हत्ती-चिचुंद्री म्हटलं, केवळ नाकावरून. पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की तो चिचुंद्रीपेक्षा खरोखरच हत्तीला जास्त जवळचा आहे! म्हणून आता बरेच अभ्यासक त्याला 'सेंगी' म्हणतात. हे नाव आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधलं आहे.

सेंगीच्या सुमारे २० जाती आहेत. त्या एकमेकींपासून कशा ओळखतात? आधी आकार बघतात. मोठ्या सेंगी जंगलात राहतात, त्यांचा रंग हीच ओळख : एकीचा पार्श्वभाग सोनेरी, दुसरीच्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, तिसरीचा चेहरा राखाडी. ही राखाडी चेहऱ्याची सेंगी टांझानियातली, २००८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. वजन सुमारे ७०० ग्रॅम. लहान सेंगी एकमेकींसारख्या दिसतात, त्यांच्यासाठी कान, शेपटी, कवटी आणि शेवटी जनुकं तपासावी लागतात. नामिबियातली एक जात २०१४ मध्ये जाहीर झाली, तिचं वजन जेमतेम २८ ग्रॅम.

सोमाली सेंगी अनेक दशकं अभ्यासकांना सापडली नव्हती. २०२० मध्ये ती जिबूती देशात असल्याचं जाहीर झालं. शेपटीच्या टोकाचा केसांचा झुबका ही तिची खूण. तिथल्या लोकांना मात्र ती कधी हरवलेली वाटलीच नव्हती, ते तिला रोजच्या जगण्यात बघत होते!

४) वर्गात काय करायचं?

१. फळ्यावर चार रकाने आखा : उंदीर, चिचुंद्री, खार, झाडचिचुंद्री. ओळींमध्ये तोंड, डोळे, शेपटी, पाठ, खाणं, वेळ लिहा. रकाने मुलांनाच भरू द्या.

२. घरी भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्या मुलांना सांगा, "आजीला विचारून या, याला आपल्या बोलीत काय म्हणतात?" मिळालेली नावं फळ्यावर प्रमाण मराठी नावाच्या शेजारी लिहा, खाली नको. एरवी गप्प बसणारं मूल या दिवशी बोलतं, हे तुम्हीही अनुभवाल.

३. 'नाव एक, नातं दुसरं' अशी यादी करायला द्या. देवमासा मासा नाही, वटवाघूळ पक्षी नाही, चिचुंद्री उंदीर नाही. आणखी कोण?

पालकांसाठी दोन शब्द

चिचुंद्री हाताने पकडू नका आणि मुलांनाही पकडू देऊ नका. ती चावते, आणि तिच्यापासून रोगाचा संसर्ग होऊ शकतो. मेलेला प्राणी दिसला तर हात न लावता फावड्याने उचलून पुरा. ती घरात शिरली तर दार उघडं ठेवा, ती भिंतीच्या कडेने आपोआप बाहेर जाते. विषाच्या गोळ्या टाकण्याआधी धान्य झाकणाच्या कोठीत ठेवा, भिंतीची भोकं बुजवा. विषाला उंदीर, चिचुंद्री, कोंबडी, मांजर आणि रांगणारं मूल यांच्यातला फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा.

तुमच्या गावात चिचुंद्रीला काय म्हणतात, ते मुलांकडून जमवा आणि जरूर कळवा.