मुद्दा काय आहे?



"तू तर कॉन्व्हेंटची, तुला काय टेन्शन!" हे वाक्य मी हॉस्टेलला आल्यापासून ऐकते आहे. पुस्तकं इंग्रजीत, माझी शाळा इंग्रजीत, म्हणजे मला सगळं समजतं असा सर्वांचा समज. माझाही तोच होता. तो वणीला आमच्या अंगणात उतरला.

फर्स्ट इयरच्या दिवाळीची सुट्टी होती. शेजारचे काका राजपत्राच्या पानांची झेरॉक्स घेऊन आले. शिक्षण सातवी, चार एकर कपाशी. आमच्या भागात जमिनीखाली कोळसा असल्याने अशा कागदांची सर्वांनाच धास्ती असते. "पोरी, इंग्रजीत हाय. वाचून सांग बरं."

मी दोन्ही पानं घडाघडा वाचून दाखवली. एका शब्दाला अडखळले नाही. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वाचलं त मस्त. पण म्हणते काय थो कागद?"

"काका, ते... जमिनीबद्दल आहे. कोळशाबद्दल."

"थे त मलेबी ठाऊक हाय. माह्यं वावर यात हाय का? मले काय करा लागते? अन् कवापर्यंत?"

हे तीन प्रश्न हातात घेऊन मी पुन्हा वाचायला बसले. काकांचा गट नंबर यादीत सापडला. खाली लिहिलं होतं की हरकत असेल तर ३० दिवसांत लेखी द्यावी. कोळसाधारक क्षेत्रांबाबत १९५७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ७ ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा सरकारचा इरादा, आणि कलम ८ प्रमाणे हरकतीला तेवढेच दिवस मिळतात. त्यातले एकोणीस आधीच गेले होते! काकांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला. पण मला रात्री झोप लागली नाही. ती ३० दिवसांची ओळ मी थोड्या वेळापूर्वी मोठ्याने वाचली होती. वाचली होती, पण दिसली नव्हती.

त्याच सुट्टीत आजोबांना हे सांगितलं. त्यांनी कपाटातून 'गीतारहस्य' काढलं. टिळकांचे निष्ठावान अनुयायी लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीत १८८० साली जन्मले, त्यामुळे टिळक हा आजोबांचा जिव्हाळ्याचा विषय. मी म्हटलं, "आजोबा, मला अध्यात्म नको." ते म्हणाले, "अध्यात्म नाही, वाचायचं कसं ते बघ."

टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला. तो छापून आला १९१५ मध्ये. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. गीता एक, श्लोक ७००, आणि प्रत्येक टीकाकार आपल्या संप्रदायाला सोयीचं तात्पर्य काढतो. मग खरं तात्पर्य ठरवायचं कसं? पहिल्याच प्रकरणात त्यांनी जुन्या मीमांसकांची कसोटी घेतली आहे. मला समजली तशी सांगते.

१. उपक्रम-उपसंहार : सुरुवात आणि शेवट जोडून वाचा.
२. अभ्यास : पुन्हा पुन्हा काय सांगितलं आहे?
३. अपूर्वता : नवीन काय सांगितलं आहे?
४. फल : यातून परिणाम काय निघतो?
५. अर्थवाद : स्तुती, दाखला, ओघाने आलेली गोष्ट. ही ओळखून बाजूला ठेवा.
६. उपपत्ती : मुद्द्याच्या बाजूने कारणं कोणती दिली?

सुरुवातीला अर्जुन लढायला नकार देतो, शेवटी तयार होतो, आणि मध्ये 'म्हणून तू लढ' हे वारंवार येतं. त्यावरून टिळक म्हणतात, गीतेचं तात्पर्य कर्मयोग. निष्कर्ष सगळ्यांना पटतोच असं नाही, पण तो कसा काढला हे कोणीही तपासून बघू शकतो.

आता हे आपल्या अभ्यासाला लावू. मी हा उतारा तयार करून आमच्या विंगमधल्या ज्युनिअर मुलींना दिला :

"धातूची पट्टी एकदाच ओढली तर ती बराच भार सोसते. पण त्याहून कमी भार लाखो वेळा येत-जात राहिला तर तिला बारीक तडा जातो, तो वाढतो आणि एक दिवस पट्टी तुटते. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं याच कारणाने हवेत फुटली. म्हणून भाग किती भार सोसतो एवढं पाहून भागत नाही. तो भार किती वेळा येणार हेही पाहावं लागतं."

विचारलं, मुद्दा काय? बहुतेकींनी विमानाच्या ओळीवर हायलायटर फिरवला होता. लक्षात राहते तीच ओळ! पण तो दाखला, म्हणजे अर्थवाद. ती ओळ झाका, मुद्दा तसाच उभा राहतो. काहींनी लिहिलं, 'धातूचा थकवा'. हा विषय झाला, मुद्दा नव्हे. मी जसं काकांना 'जमिनीबद्दल आहे' म्हटलं, तसंच हे. विषय एका शब्दात सांगता येतो. मुद्द्याला पूर्ण वाक्य लागतं.

बरोबर उत्तर आलं ते मराठी माध्यमातून आलेल्या, वर्गात कधीच न बोलणाऱ्या मुलीकडून : "भार कमी असला तरी तो पुन्हा पुन्हा आला तर भाग तुटू शकतो, म्हणून किती वेळा येणार तेही मोजा." मी विचारलं, कसं काढलंस? म्हणाली, "ताई, 'पण' आणि 'म्हणून' च्या पुढे बघितलं." 'पण' नंतर नवीन गोष्ट येते, 'म्हणून' नंतर फल. कसोटीतल्या दोन खुणा तिला नावं माहीत नसताना सापडल्या. आदल्या आठवड्यात तीच मुलगी इंग्रजी जमत नाही म्हणून घरी परत जायचं म्हणत होती.

तेव्हापासून आम्ही रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास बसतो. नियम तीनच. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचा नाही. मग पुस्तक मिटून परिच्छेदाचा मुद्दा एका वाक्यात, आपल्या भाषेत लिहायचा. मराठी, वऱ्हाडी, काहीही चालेल. शेवटी पुस्तक उघडून ताडून बघायचं : परिच्छेदातली बाकीची वाक्यं आपल्या वाक्याला आधार देतात का? देत नसतील तर वाक्य बदलायचं.

सुरुवातीला वेळ फार जातो, हे कबूल. परीक्षेच्या आदल्या रात्री हे जमणार नाही, आतापासून करावं लागेल.

सुट्टीत घरी गेले की काका अजूनही कागद घेऊन येतात. आता मी मोठ्याने वाचून दाखवत नाही. आधी गप्प बसून वाचते आणि मग एक वाक्य सांगते. ते मान हलवतात, म्हणतात, "आता वाचलं म्हनायचं."

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी