पेठेत ये, पायी फिरायला

अगं, पुण्याच्या पेठा बघायला येते आहेस तर आत्याचं एवढं ऐक. गाडी आणू नकोस. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास ती लावायला जागा शोधण्यातच अर्धी सकाळ जाईल. भुयारी मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतर आणि पुढे पायी. चपला सवयीच्या घाल.

आधी कसबा गणपतीला नमस्कार कर, गावाचं दैवत आहे. मग तांबट आळीत जा. हातोड्यांचा ठणठणाट कानावर आला की पोचलीस. भांडं नुसतं चकाकतंय म्हणून घेऊ नकोस. उजेडात धरून मठार बघ. ठोक्याशेजारी ठोका सारखा पडलेला हवा, त्यानेच पत्रा कडक होतो. पाण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाही. पण ताक, आमटी असं आंबट काही ठेवायचं असेल तर कल्हई हवीच, नाहीतर ते कळकतं आणि पोटाला बाधतं.

दुपारी एक ते चार बरीच जुनी दुकानं बंद असतात. त्यावर चिडू नकोस, ती वेळ केळकर संग्रहालयाची. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ मध्ये त्यांनी सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यामुळे सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. दिवे, अडकित्ते आणि वज्र्या एवढंच ठरवून बघ. टाचा घासायची वज्री ती, न्हाणीघरात पडून राहणारी, पण तिच्यावरही कुणी पक्षी घडवून बसवलाय. तलवारी काय, सगळीकडे जपतात. घरातल्या बायकांच्या हाताखालच्या वस्तू या माणसाने गावोगाव फिरून जपल्या. मला त्यांचं मोठेपण तिथे दिसतं. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही तिथेच आहे.

चारनंतर तुळशीबाग. वाटेत विश्रामबागवाड्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू रस्त्यापलीकडून बघ, खाली उभं राहून ती नीट दिसत नाही. तुळशीबागेत घ्यायचं मनात असेल तरच भाव कर. उगाच भाव पाडून निघून जाणं वाईट दिसतं. पितळेची भातुकली इथेच मिळेल. आणि आतल्या राममंदिरात जाच. १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं हे देऊळ, पण कानातली घेऊन बाहेरच्या बाहेर परतणाऱ्या कितीतरी जणींना ते माहीतच नसतं. सभामंडपात दहा मिनिटं टेक, पाय हलके होतात.

रात्र सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत आलीस तर कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बघ, आरोळ्यांनी थिएटर दणाणून जातं. एरवी रात्रीचं नाटक. आइस्क्रीम घातलेली दुधाची मस्तानी आधीच खाऊन घे, नाटक सुटेपर्यंत दुकानं बंद झालेली असतात.

तिकिटं दोन काढ. मीही येते.