हॉलमधला नेम

प्रश्न : लेक-जावई योकोहामाला असतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहून आलो. जावई इंजिनिअर, चाळिशीला टेकलेले. रात्री जेवणं उरकली की हॉलच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या कागदावर खेळण्यातल्या पिस्तुलाने प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतात. पिस्तूल कसलं, लेचंपेचं खेळणं. 'दहा वर्षांवरील मुलांसाठी' असं खोक्यावरच छापलेलं. एकदा माझ्या हातात दिलं, तर मला तो कागदसुद्धा लागेना. ज्या बंदुकीत जोरच नाही, तिच्यात एवढं रमण्यासारखं काय आहे? शिवाय निघताना ते मला तसलीच एक बंदूक भेट देत होते, मी नको म्हटलं. पुढच्या खेपेला आणावी का?
– एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : गुरुजी, अर्धं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. बंदूक लेचीपेची, कागद हॉलच्या पलीकडच्या टोकाला, आणि तरीही नेम चुकला. म्हणजे अडचण जोराची नव्हतीच.

आधी हे खेळणं जपानमध्येच एवढं का रुजलं ते पाहू. तिथे 1958 पासून शस्त्रांचा कायदा कमालीचा कडक आहे. ऑलिम्पिकमध्ये असते तशी साधी एअर पिस्तूल बाळगायची, तर संपूर्ण देशात एका वेळी फक्त 500 जणांना परवानगी मिळते, तीही खेळातली पात्रता सिद्ध केल्यावर. एअर रायफललासुद्धा पोलिसांचा परवाना लागतो. मग नेमबाजीची हौस असलेल्या सामान्य माणसाने करायचं काय? या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. एक 'बीम रायफल'ची, म्हणजे गोळीऐवजी प्रकाशाचा झोत सोडणाऱ्या बंदुकीची. शाळा-कॉलेजातली मुलं तिच्यावर सराव करतात आणि तिच्या रीतसर स्पर्धाही होतात. दुसरी वाट तुमच्या जावयांची, 6 मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळीची.

या प्लॅस्टिकच्या बंदुकांनाही मोकळं रान नाही. 2005 मध्ये तिथे काही टवाळांनी जोर वाढवलेल्या एअरगनने रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या. लगेच 2006 मध्ये कायदा बदलला आणि 6 मिलिमीटरच्या गोळीसाठी साधारण 0.98 ज्यूलची कमाल मर्यादा ठरली. ही झाली 18 वर्षांवरच्यांची बंदूक. दहा वर्षांवरच्यांसाठी असते तिची मर्यादा 0.135 ज्यूल, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन चौदा सेंटिमीटर वर उचलायला लागेल तेवढी ऊर्जा. ऑलिम्पिकच्या एअर रायफलचा छर्रा साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघतो. जावयांची बंदूक तिच्या पन्नासाव्या हिश्श्याचीही नाही!

पण कागदाला भोक पाडायला ऊर्जा लागते तरी किती? रानडुक्कर थोडंच मारायचंय. कॅरममध्ये जोरात स्ट्रायकर हाणणारा गडी क्वीन घेऊन जात नाही, हे मिरजेच्या माणसाला मी काय सांगावं.

आता हॉलचा हिशेब बघा. ऑलिम्पिकमध्ये एअर पिस्तूल 10 मीटरवरून मारतात आणि तिथे दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. अंतर निम्मं केलं की लक्ष्यही निम्मं करायचं. म्हणजे 5 मीटरवर दहाचं वर्तुळ पावणेसहा मिलिमीटरचं, जवळजवळ गोळीएवढंच. हॉल छोटा म्हणून खेळ सोपा झाला, असं अजिबात नाही.

तुमचा नेम कुठे हुकला असेल, तेही इथूनच सांगतो. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक खुंटी. नेमबाज त्यांना मागची साइट आणि पुढची साइट म्हणतात. दोन्हींमधलं अंतर साधारण पंधरा सेंटिमीटर धरा. खाचेत खुंटी बरोबर मध्ये न बसता फक्त एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर 5 मीटरवर गोळी 33 मिलिमीटर डावीकडे जाते. दहाच्या वर्तुळातून थेट बाहेर. उलट, दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या ठेवून अख्खा हात एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. म्हणून हाताच्या थरथरीला घाबरायचं कारण नाही. थरथर सगळ्यांनाच असते, पदकवाल्यांनाही. सांभाळायची ती खाच आणि खुंटी.

डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ दिसते. नवखा माणूस कागदाकडे टक लावतो आणि पुढची साइट धुरकट होऊन जाते. तुम्हीही बहुधा तेच केलंत. शिकलेला नेमबाज नजर खुंटीवर ठेवतो; काळं वर्तुळ अंधूक दिसलं तरी त्याचं बिघडत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्याला मारायचंय त्याच्याकडे बघायचं नाही. साठी उलटलेल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बायफोकल चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहायला गेलं की मान वाकडी होते. हाताच्या अंतरावर स्वच्छ दिसेल अशा नंबरचा साधा चष्मा चष्मेवाल्याकडून करून घ्यावा.

पुढची गोष्ट ट्रिगरची. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर जड आणि खरखरीत असतो. तो झटक्यात ओढला की सगळी मूठच आवळली जाते आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी हमखास खाली डावीकडे पडते. तुमच्या गोळ्या तिकडे पडत होत्या का, हे जावयांना विचारा. त्यांनी नक्की पाहिलेलं असणार. बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत न्यायचा. गोळी नेमकी कधी सुटणार हे आपल्यालाच कळता कामा नये. श्वास अर्धा सोडून थांबवावा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही, तर सरळ हात खाली घ्यावा. हट्टाने धरून ठेवलेली गोळी कधीच चांगली जात नाही.

आणि इथेच लेचीपेची बंदूक बलदंड बंदुकीपेक्षा कडक मास्तरीण ठरते. तिची रचना पाहा. वरचा भाग हाताने मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन सुटून पुढे धावतो, हवा दाबतो आणि ती हवा गोळीला ढकलते. 0.12 ग्रॅमची गोळी नळीबाहेर पडते ती सेकंदाला जेमतेम 47 मीटरच्या वेगाने. ऑलिम्पिकचा छर्रा 170 मीटरने जातो. पिस्टन सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत जे थोडे मिलिसेकंद जातात, तेवढ्यात पिस्टनचा धक्का पिस्तुलाला हलवतो. म्हणून गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच, नजर खुंटीवर ठेवून थांबावं लागतं. नेमबाज याला फॉलो-थ्रू म्हणतात. 'झालं, आता बघू कुठे लागली' म्हणून मान उचलणाऱ्याला ही बंदूक लगेच शिक्षा करते. शिवाय प्रत्येक गोळीसाठी पुन्हा स्प्रिंग ओढायची, त्यामुळे सटासट उधळपट्टी करायची सोयच नाही. बॅटरीवर धडधडणाऱ्या खेळण्यातल्या मशिनगनने कुणी नेम शिकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. एवढ्या हळू जाणाऱ्या गोळीला 5 मीटर पार करायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो आणि तेवढ्यात ती सहा सेंटिमीटरच्या आसपास खाली यायला हवी. पण येत नाही. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा छोटा उंचवटा असतो. त्याला घासून जाताना गोळीला उलटी फिरकी मिळते, तिच्यामुळे हवा गोळीला वर उचलून धरते आणि गोळी बरीच सरळ जाते. म्हणूनच गोळ्या चांगल्या प्रतीच्या, एकसारख्या गोल हव्यात. जमिनीवरून वेचून पुन्हा भरलेल्या गोळ्यांना ओरखडे आणि धूळ असते. त्या फिरकी बिघडवतात आणि नळीही खराब करतात.

जावयांच्या घरी पुढच्या वेळी पाहा, कागदामागे काय आहे ते. जाणकार माणूस भिंतीवर कागद चिकटवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल किंवा चादर सैल लोंबती सोडायची. सैल कापड गोळीचा वेग पिऊन टाकतं. ताणून बसवलं तर गोळी उसळून परत येते. भिंत, स्टीलचं कपाट, टीव्ही यांवरूनही ती उसळते. कागद जाड असावा, नाहीतर मंद गोळीने भोक पडण्याऐवजी चिंधी होते आणि गुण मोजताना घरात वाद. आणि गोळ्या लगेच झाडून काढाव्यात. फरशीवर 6 मिलिमीटरच्या गोल गोळ्या म्हणजे आपल्या वयाच्या माणसाचं खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा.

सुरक्षिततेत मात्र जोर कमी म्हणून सूट नाही. कातडीला ही गोळी चावते तेवढंच, पण डोळ्याला अंध करू शकते. मारणाऱ्याने, बघणाऱ्याने, चहा घेऊन मध्येच आलेल्यानेसुद्धा बाजू झाकणारा गॉगल घालायचा. नळी कायम कागदाकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि ज्या दाराने कुणी आत येऊ शकतं त्या दाराच्या रेषेत लक्ष्य लावायचं नाही. जावई हे पाळत नसतील, तर सासऱ्याचा अधिकार वापरून बोला.

अमेरिकेत या खेळाचा एक चुलतभाऊ आहे, तो तुमच्यातल्या शिक्षकाला आवडेल. तिथे 8 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी 5 मीटरवरून बीबी गनची राष्ट्रीय स्पर्धा होते. ती भरते आर्कान्सामधल्या रॉजर्स गावी, जिथे 1958 मध्ये 'डेझी' ही जुनी एअरगन कंपनी मिशिगनहून आली. मुलं झोपून, बसून, गुडघ्यावर आणि उभं राहून, अशा चारही स्थितींत मारतात. त्यासाठीच्या खास बंदुकीत एका वेळी एकच गोळी, तीही नळीच्या तोंडातून टाकायची. आणि गुणांत बंदुकीची लेखी परीक्षाही धरली जाते! नेम कितीही चांगला असो, पेपर कोरा सोडलेला पोरगा मागे पडतो. फक्त तिथली गोळी पोलादी असते, 4.5 मिलिमीटरची. कठीण वस्तूवर आपटली की ती भलत्याच वेगाने मागे फिरते. हॉलमध्ये पोलादी गोळीचं नावही काढू नये.

आता शेवटचा प्रश्न, पुढच्या खेपेला आणावी का? नाही. ही खेळणी दिसायला खऱ्या पिस्तुलासारखी हुबेहूब असतात. आपल्याकडच्या 2016 च्या शस्त्र नियमांत बंदुकीच्या हुबेहूब प्रतिकृतीची वेगळी दखल घेतलेली आहे. विमानतळावर बॅग उघडली गेली की 'दहा वर्षांवरील मुलांसाठी' हे जपानी अक्षरांतलं खोकं कस्टम्सच्या माणसाला वाचून दाखवत बसावं लागेल. खेळणं जाईलच, वर मनस्ताप.

त्यापेक्षा कोल्हापूर तुमच्यापासून किती लांब? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही सगळी नेमबाज मंडळी त्याच जिल्ह्याची. तेजस्विनी 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तर कांबळवाडीच्या स्वप्निलने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं. एखाद्या क्लबात जाऊन 10 मीटरच्या रेंजवर उभे राहा. बंदूक त्यांची, प्रशिक्षक त्यांचा, आणि गोळी पोचते कुठे याची काळजीही त्यांचीच. तिथेही पहिले काही दिवस बंदुकीत छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायला लावतील. त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. मोठे नेमबाजही ती घरी, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून रोज करतात. शून्य ज्यूलची नेमबाजी! तुमच्या जावयांचं वेड एवढं वेडगळ नाही, हे तिथे पटेल.

प्रश्न : जत्रेत पिवळ्या गोळ्यांची प्लॅस्टिकची बंदूक मिळते. माझा नऊ वर्षांचा मुलगा हट्टाला पेटलाय. वरचा खेळ त्याला हॉलमध्ये शिकवता येईल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ही बंदूक घेऊन नाही. जपानच्या खोक्यावर वय आणि जोर दोन्ही ठरलेले असतात. जत्रेतल्या बंदुकीचा जोर किती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. त्या बंदुकीवर शोधून पाहा, बहुधा सापडायची नाही. मुलाला नेमाचीच हौस असेल तर एखाद्या क्लबात चौकशी करा आणि तोवर डार्ट्सचा चुंबकवाला बोर्ड आणा. बंदूक आधीच घरात आली असेल आणि गोळी कुणाच्या डोळ्याला लागली, तर डोळा चोळू देऊ नका, दाबू नका, घरातले थेंब घालू नका. वरून काही दिसत नसलं तरी आत रक्त साचलेलं असू शकतं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.